ङुन्नवल लोकांवरचे फलक : नाव, नकाशा, चित्रं. काय बरोबर, काय चूक?

नौपाडा_वाचक

नमस्कार मंडळी,

9 ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनासाठी ठाण्यात नौपाड्यातल्या एका वाचनालयात फलकांचं प्रदर्शन लागतंय. वारली, कातकरी, ठाकर आणि महादेव कोळी यांच्यावरचे फलक त्या त्या पाड्यांवरच्या मंडळींनी स्वतः वाचून, चुका दुरुस्त करून दिले. ते तयार आहेत. शेवटचे दोन फलक परदेशातल्या एका समाजाचे : ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा ज्यांच्या भूमीवर उभी आहे, त्या लोकांचे. इथे तपासून द्यायला त्यांच्यातलं कोणी नाही, म्हणून हा धागा.

फलक 2 फूट बाय 3 फूट, फ्लेक्सवर. एका फलकावर जास्तीत जास्त 150 शब्द. वाचणारी मुलं पाचवी ते दहावीची, आणि संध्याकाळी पेपर वाचायला येणारे ज्येष्ठ.

अडलंय ते असं. कच्च्या मजकुरात नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी आलंय : नगुनावल, न्गुन्नावाल, गुनवल. खरं काय? दुसरं, एका नकाशात त्यांचा प्रदेश कॅनबेराच्या खूप उत्तरेला गोलबर्नपलीकडे जातो, दुसऱ्यात कॅनबेरावर 'ङंब्री' असं वेगळंच नाव आहे. तिसरं, डिझायनरने ठिपक्यांची किनार, डिजेरिडू (लांब लाकडी फुंकवाद्य) वाजवणारा माणूस आणि मागे उलुरूचा लाल डोंगर लावलाय. आणि हे लोक पतंग भाजून खायचे असं एक वाक्य आहे. ते ठेवायचं असेल तर मुलं 'ईऽऽ' करून पुढे जाणार नाहीत असं कसं लिहावं?

चुका मोकळेपणाने काढा.

---

खारघर_शब्दवेध

नावाचं उत्तर आपल्याच वर्णमालेत आहे. क ख ग घ ङ. रोमनमध्ये एन आणि जी जोडून लिहितात तो एकच वर्ण आहे, आणि तो म्हणजे ङ. न आणि ग असे दोन वर्ण नाहीत. म्हणून 'नगु' चूक, 'न्गु' चूक, 'गु' तर चूकच. ङुन्नवल असं लिहा.

मराठीत ङ शब्दाच्या सुरुवातीला येत नाही, त्यामुळे जीभ अडते. मुलांसाठी फलकाच्या कोपऱ्यात चार ओळींचा सराव ठेवता येईल. 'गंगा' म्हणा आणि मधेच थांबा : गङ्ङ्ङ्. जिभेचा मागचा भाग टाळूच्या मऊ भागाला टेकलेला आहे आणि आवाज नाकातून येतोय, हे जाणवू द्या. आता तिथून 'गा'वर न जाता थेट 'उ'वर सोडा : ङु. बरोबर जमलं का हे तपासायचं तर ङ लांबवत असताना नाक चिमटीत धरा. आवाज बंद पडला पाहिजे. सोडताना 'ग'चा ठोका ऐकू आला तर ते न्गु झालं. जिभेचं टोक दातांमागे गेलं तर नु झालं, आणि इंग्रजी बोलणारे बहुतेक जण हीच चूक करून 'नुन्नवल' म्हणतात. आपल्याकडे निदान अक्षर तयार आहे!

न एक की दोन? रोमनमध्ये दोन्ही चालतं. कॅनबेराचं सरकार दोन एन लिहितं, भाषेवर काम करणारे बरेचदा एक. मराठीत मात्र दोनच ठेवा, कारण मराठी वाचक 'ङुनवल' हे 'करवत'सारखं वाचेल, म्हणजे मधला अ गिळून 'ङुन्वल'. दुहेरी न लिहिला की तो अ वाचतो.

दुसरा खड्डा 'ध'चा. त्यांच्या भाषेत भूमीला जो शब्द आहे तो रोमनमध्ये डी-एच लावून लिहितात. आपण सवयीने 'धवुरा' लिहू. पण तो एच महाप्राणाचा, म्हणजे ख-घ-ध सारख्या ह मिसळलेल्या उच्चाराचा, नाही. जीभ दातांना टेकवायची, एवढंच तो सांगतो. म्हणजे आपला साधा द : दवुरा. या भाषेत महाप्राण नाहीत, स-श-ह-फ नाहीत, आणि स्वर मुळात तीन : अ, इ, उ. क-ग, प-ब असा घोष-अघोष भेदही अर्थ बदलत नाही. म्हणूनच जुन्या नोंदींत एकच गावनाव कधी क-ने तर कधी ग-ने लिहिलेलं सापडतं. ती दोन वेगळी गावं समजू नका.

एखादं वाक्य द्यायचंच तर कॅनबेरात सभांच्या सुरुवातीला म्हटलं जातं ते द्या : दवुरा ङुना, दवुरा ङुन्नवल, म्हणजे 'ही ङुन्नवल भूमी आहे'. त्याच निवेदनात पुढे 'ङुन्नवलवारि दवुरावारि' असं येतं : ङुन्नवल भूमीवर. 'वर'चा प्रत्यय दोन्ही शब्दांना लागलाय. आपण तो एकदाच लावतो. संस्कृत शिकलेल्यांना 'विशाले नगरे' आठवेल. नववी-दहावीच्या मुलांना हे आवडेल, कारण 'आदिवासी बोलींना व्याकरण नसतं' हा समज एका ओळीत मोडतो.

नमस्काराचा शब्द युमा.

भाषेची सद्यःस्थिती एका वाक्यात पण नीट लिहा. 'मृत भाषा' लिहू नका. उत्तरेकडच्या गुंडुंगुरा लोकांची भाषा आणि ही भाषा इतकी जवळची की भाषातज्ज्ञ त्यांना एकाच भाषेच्या दोन बोली मानतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉबर्ट हॅमिल्टन मॅथ्यूज या सर्वेक्षकाने दोन्हींच्या व्याकरणाच्या आणि शब्दांच्या नोंदी केल्या. 2014 पासून ङुन्नवल कुटुंबं आणि कॅनबेरातली राष्ट्रीय आदिवासी अभ्याससंस्था मिळून त्या नोंदींवरून, घराघरांत उरलेल्या शब्दांवरून भाषा पुन्हा उभी करतायत. 'पुन्हा बोलती होत असलेली भाषा' हे खरं वर्णन.

---

कळवा_नकाशे

सीमेबद्दल. बहुतेक छापील नकाशे मानववंशशास्त्रज्ञ नॉर्मन टिंडेल यांच्या 1974 च्या नकाशावरून आलेत. त्यात हा प्रदेश क्वीनबियनपासून यासपर्यंत, पश्चिमेला टुमटपर्यंत, उत्तरेला बुरोवापर्यंत आणि पूर्वेला गोलबर्नच्या पलीकडे दाखवलाय. शेजारी : पश्चिमेला विराजुरी, उत्तरेला गुंडुंगुरा, दक्षिणेच्या डोंगरात ङरिगो, समुद्राकडे युइन. म्हणजे तुमचा पहिला नकाशा चुकीचा नाही. कॅनबेरा शहर या भूमीच्या एका कडेला आहे. मुलांना वाटतं की राजधानी म्हणजे मध्य, म्हणून हे लिहून टाका.

पण काळी जाड रेघ ओढू नका. नदीखोरी, लग्नसंबंध आणि सणाच्या वाटा यांनी हे प्रदेश एकमेकांत शिरलेले असतात. नकाशावर रंगाची कड विरत नेली की हेच दिसतं. 2 फुटी फलकावर दीड-दोन सेंटिमीटरची विरती कड पुरते. त्याहून कमी ठेवली तर चार फुटांवरून ती रेघच दिसते.

ङंब्री हा चुकीचा छापील शब्द नाही. कॅनबेराच्या भूमीशी आपलं नातं सांगणारी ती वेगळी कुटुंबं आहेत, काही जण दोन्ही नावं लावतात. 2002 पासून तिथलं सरकार फक्त ङुन्नवल लोकांना मूळ राखणदार मानत होतं. ङंब्री कुटुंबातल्या लोकांनी न्यायालयात दाद मागितली, आणि 2023 मध्ये तडजोड होऊन सरकारने माफी मागितली. तेव्हापासून सरकारी निवेदनात ङुन्नवल लोकांबरोबर 'या भूमीशी नातं असलेल्या इतर व्यक्ती आणि कुटुंबांचाही' उल्लेख असतो. फलकावर हेच शब्द वापरा. ठाण्यात बसून आपण निवाडा करू नये, आणि एका नावाने दुसरं पुसूही नये.

प्रमाण कळण्यासाठी : आजचा राजधानी प्रदेश 2,358 चौरस किलोमीटर, म्हणजे पालघर वेगळा झाल्यानंतरच्या ठाणे जिल्ह्याच्या निम्म्याहून थोडा मोठा. ङुन्नवल भूमी त्याच्या बाहेर न्यू साउथ वेल्समध्ये बरीच पसरलेली आहे. उंचीही द्या. शहर साधारण पुण्याच्या उंचीवर, 580 मीटरच्या आसपास. पण नैऋत्येचं बिंबेरी शिखर 1,912 मीटर, कळसूबाईपेक्षा 266 मीटर उंच, आणि हिवाळ्यात बर्फाचं. ऑगस्ट तिकडे थंडीचा महिना. फलकावर तांबडं वाळवंट दाखवणं या एका कारणानेच बाद होतं.

---

बेलापूर_कीटक

पतंगाचं वाक्य काढू नका. उलट दुसऱ्या फलकाचा अर्धा भाग त्याला द्या. या डोंगरांतलं उन्हाळ्याचं जगणं त्याच्याभोवती फिरायचं, आणि 'ईऽऽ' थांबवायचा उपाय म्हणजे पूर्ण कृती सांगणं.

त्याचं नाव बोगोंग पतंग, शास्त्रीय नाव अ‍ॅग्रोटिस इन्फ्यूसा. आपल्याकडे हरभऱ्याची रोपं जमिनीलगत कापणारी देठ कुरतडणारी अळी आहे ना, ती याच अ‍ॅग्रोटिस वंशातली. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला एवढ्यावर ओळख पटते. बोगोंगची अळीसुद्धा हिवाळ्यात सपाटीवरच्या गवताळ रानात आणि शेतांत वाढते. वसंतात पतंग बाहेर पडतात आणि उन्हाळ्याचा चटका टाळायला रात्री उडत थंड डोंगरांकडे निघतात, काही तर 1,000 किलोमीटरपर्यंत. वाट शोधायला ते पृथ्वीचं चुंबकत्व आणि तारे वापरतात, हे गेल्या काही वर्षांतल्या प्रयोगांतून दिसलंय. डोंगरमाथ्यावरच्या ग्रॅनाइटच्या फटींत ते एकमेकांवर कौलांसारखे रचून बसतात आणि उन्हाळाभर झोपतात. एका चौरस मीटरला सुमारे 17,000. फलकावर 10 सेंटिमीटरचा एक चौकोन आखून त्यात 170 ठिपके काढा. आकडा डोळ्यांना दिसेल.

आता खाणं. फटीत काठी फिरवून किंवा धूर देऊन सुस्त पतंग खाली पाडायचे, खाली साल, कातडं किंवा विणलेली जाळी धरायची. मोठ्या दगडावर किंवा जमिनीवर विस्तव करून निखारे बाजूला सारायचे आणि तापलेल्या जागेवर पतंग पसरून हलवत राहायचं. भाजणं काही मिनिटांचंच. पंख, पाय आणि अंगावरची भुकटी जळून सुटते. विस्तव जास्त झाला तर आतली चरबी वितळून वाहून जाते आणि हाती कोळसा राहतो, म्हणून निखारे आधी सारायचे. मग चाळायचं किंवा पाखडायचं, आपण शेंगदाण्याची सालं उडवतो तसं. उरतो तो गव्हाच्या दाण्याएवढा चरबीचा गोळा. तो तसाच खायचा किंवा दगडावर कुटून वड्या करायच्या, त्या काही दिवस टिकतात. वाळलेल्या वजनात निम्म्याहून अधिक चरबी. उन्हाळा झोपून काढण्यासाठी पतंगाने साठवलेली ती शिदोरी असते. ज्यांनी चाखलंय त्यांच्या जुन्या नोंदींत चव दाण्यांसारखी सांगितलीय.

इतकं अन्न एका जागी म्हणजे शेजारचे समाजही येणार. ङुन्नवल, ङरिगो आणि इतर तिथे जमायचे, सोयरिकी जुळायच्या, तंटे मिटायचे, दीक्षाविधी व्हायचे. 'पतंग खायचे' यापेक्षा 'पतंगांच्या हंगामात शेजारचे समाज डोंगरावर जमायचे' हे वाक्य जास्त खरं आहे.

शेवटी आजची गोष्ट. 2017 ते 2019 च्या दुष्काळात सपाटीवर अळ्यांना चारा राहिला नाही, आणि डोंगरातल्या गुहा जवळजवळ रिकाम्या दिसल्या. डिसेंबर 2021 मध्ये हा पतंग जागतिक लाल यादीत धोक्यातल्या जातींमध्ये गेला. शहरांचे प्रखर दिवेही त्याला वाटेतून ओढतात, कॅनबेराच्या संसदभवनात तो दरवर्षी शिरतो.

चित्र देताना कोणताही तपकिरी पतंग चालवू नका. याच्या पुढच्या पंखावर गडद पट्टा आणि त्यात दोन फिकट ठिपके असतात, पंखांची लांबी उघडल्यावर 4-5 सेंटिमीटर.

जागा उरली तर मूर्नाँगवर दोन ओळी. पिवळं फूल, कळी मान टाकलेली, जमिनीत छोटा गोड कंद, तोच बायकांनी खणायच्या काठीने काढायचा. 1820 च्या दशकात मेंढ्या आल्या. त्यांनी पानं मुळापर्यंत कुरतडली, खुरांनी भुसभुशीत माती घट्ट केली, आणि काही वर्षांतच रोजचं अन्न गेलं. भूक कशी आली हे एवढ्यात कळतं.

---

येऊर_पायथा

चित्रांचं सांगतो. डिझायनरचं सगळं काढा, एकही वस्तू तिथली नाही. डिजेरिडू उत्तर टोकाकडचं. ठिपक्यांची चित्रशैली मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली, कॅनव्हासवर 1971 च्या सुमारास पापुन्या वस्तीत सुरू झालेली. उलुरू अनंगु लोकांचं पवित्र स्थान. वारल्यांच्या फलकावर कथकली छापण्यासारखं होईल.

त्याऐवजी : नामाजी राष्ट्रीय उद्यानात यांकी हॅट नावाच्या टेकडीच्या पायथ्याला ग्रॅनाइटच्या मोठ्या दगडाखाली पांढऱ्या मातीने आणि तांबड्या गेरूने काढलेल्या आकृत्या आहेत, कांगारू, डिंगो (तिथला रानकुत्रा), माणसासारखे आकार. गेरूवर पांढरं काढणाऱ्या आपल्या वारली भिंतीची आठवण येईल, पण तुलना रंगापुरती ठेवा. वारली पांढरा तांदळाच्या पिठाचा, तो मातीचा. आणि या आकृत्या वारली पद्धतीच्या त्रिकोणांत पुन्हा काढू नका, मुलं दोन्ही एकच समजतील.

गेरूवरून आठवलं. कॅनबेराच्या फ्रँकलिन उपनगरात गुबुर दवुरा नावाची जपलेली जागा आहे, तिथून गेरू काढला जायचा. गुबुर म्हणजे तांबडा गेरू. वर दवुरा शब्द आलाच आहे, म्हणजे मुलं नावाचा अर्थ स्वतः लावतील. काळाची खोली दाखवायला टिडबिनबिलाजवळचा बिरीगाई खडकाश्रय घ्या. तिथल्या वस्तीच्या खुणा 21,000 वर्षांहून जुन्या, हिमयुगाच्या कडाक्यातल्या.

वस्तूचं एकच मोठं चित्र ठेवायचं तर खुणेचं झाड. दगडी कुऱ्हाडीने सालीचा लांबट तुकडा काढून होडी, ढाल किंवा भांडं करायचे. साल सगळ्या बाजूंनी काढली तर पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत उतरत नाही आणि झाड मरतं, म्हणून एकाच अंगाची काढायची. झाड पुढे शंभर-दोनशे वर्षं जगतं आणि कडेची नवी साल त्या जखमेवर आत आत वाढत येते. फोटो निवडताना इथेच फसगत होते. वणव्याने जळालेली जखम बहुधा जमिनीपर्यंत जाते आणि खाली रुंद, वर निमुळती असते. माणसाने काढलेली जमिनीपासून वर सुरू होते आणि दोन्ही टोकांना सारखी निमुळती. तसा फोटो नसेल तर रेखाचित्र बरं.

थंडी आहे हे वर आलंच. अंगावर पॉसम या झाडावर राहणाऱ्या लहान प्राण्याच्या कातड्यांचा झगा असायचा, एका मोठ्या माणसाच्या झग्याला पन्नासेक कातडी, कांगारूच्या शेपटीतल्या स्नायूच्या दोऱ्याने शिवलेली, आतल्या बाजूला कोरलेली नक्षी. थंडीत केस आत, पावसात केस बाहेर.

माणसांच्या जुन्या फोटोंबाबत फार जपा. तिथल्या अनेक समाजांत गेलेल्या माणसाचं नाव घेणं, चेहरा दाखवणं दुखावणारं असतं. फोटो लावायचाच तर फलकाच्या वर, फोटोच्या आधी दिसेल अशी सूचना हवी. दुसरं, 1927 साली 9 मे रोजी जुन्या संसदभवनाच्या उद्घाटनाला कुत्र्यांसह आलेल्या वृद्धाचा फोटो इंटरनेटवर 'ङुन्नवल' म्हणून फिरतो. ते जिमी क्लेमेंट्स, विराजुरी समाजाचे, ब्रंगल गावाहून चालत आलेले. तो फोटो या फलकावर नको.

शब्दांचं : 'ॲबोरिजिनीज' हा शब्द तिथे आता अपमानास्पद मानतात. मराठी मजकुरात आदिवासी चालेल, पण शीर्षकात आणि पहिल्या वाक्यात त्यांचं स्वतःचं नाव. क्रियापदं सगळी भूतकाळी करू नका. पतंग भाजण्याला 'भाजत' ठीक, पण लोक 'होते' नव्हेत, आहेत.

---

नौपाडा_वाचक

सगळ्यांचे मनापासून आभार. उलुरू, ठिपके, डिजेरिडू आजच काढले. दोन शंका उरल्या. उद्घाटनाला एका विद्यार्थिनीने 'दवुरा ङुना' हे वाक्य म्हणावं का? आणि फ्लेक्सवाल्याने पाठवलेल्या नमुन्यात ङुन्नवलचं 'ड़ुन्नवल' झालंय, ड-खाली टिंब. तो म्हणतो फाँटमध्ये हेच आहे.

---

खारघर_शब्दवेध

वाक्य व्यासपीठावरून म्हणवू नका. 'ही ङुन्नवल भूमी आहे' हे त्या भूमीवर उभं राहून म्हणायचं वाक्य आहे. नौपाड्यात ते खोटं ठरतं. आणि पाहुण्यांचं भूमीवर स्वागत करण्याचा मान तर फक्त तिथल्या राखणदारांचा, 2008 साली संसदेच्या अधिवेशनाआधी तो पहिल्यांदा झाला तोही त्यांच्याच ज्येष्ठ स्त्रीकडून. फलकावर अर्थासकट छापा. विद्यार्थिनीला ङ चा सराव मुलांकडून करून घेऊ दे.

छपाईचं : ती चूक 'वाङ्मय'चं 'वाड्मय' करणारीच. ङ आणि ड़ ही वेगळी अक्षरं आहेत. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून यू दाबलं की ङ येतं. दुकानातल्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये मजकूर बदलून घेतला की ते अक्षर हरवतं. म्हणून वर्ड फाइल देऊच नका. मुक्ता किंवा दुसऱ्या युनिकोड फाँटमध्ये मजकूर बसवून पीडीएफ द्या, आणि कोरलमध्ये (फ्लेक्सवाले वापरतात ते सॉफ्टवेअर) उघडण्याआधी अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फाँटवर न अवलंबणाऱ्या आकारांत, बदललेली आहेत याची खात्री करा. मग ए-फोर कागदावर शीर्षक प्रत्यक्ष आकारात छापून बघा : ङ चं टिंब उजव्या बाजूला मध्यावर हवं, आणि उकार अक्षराच्या खाली जोडलेला हवा. टिंब खाली दिसलं तर छापू देऊ नका.